क्लोरल हायड्रेट: एका जुन्या झोपेच्या औषधाचे रसायन आणि इतिहास कसा अभ्यासावा

वनौषधी ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात अडुळशाच्या पानाचा पातळ काप काचपट्टीवर ठेवतात, त्यावर तपकिरी बाटलीतील द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकतात आणि काचपट्टी लहान ज्योतीवर हलकेच तापवतात. बुडबुडे येऊ लागले की काचपट्टी बाजूला घ्यायची, पुन्हा थेंब टाकायचा, पुन्हा तापवायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेस पानाचा हिरवा रंग निघून जातो, काप काचेसारखा पारदर्शक होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रे व कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक स्वच्छ दिसू लागतात. औषधनिर्माणशास्त्राच्या पहिल्या वर्षी मी हे कितीतरी वेळा केले. नाकाला झोंबणारा तो उग्र वास आजही आठवतो. बाटलीवर क्लोरल हायड्रेट असे लिहिलेले होते, आणि काप स्वच्छ करण्याचे द्रावण एवढीच त्याची ओळख आम्हाला करून दिली गेली होती.

त्या बाटलीतील पदार्थ हे माणसाने प्रयोगशाळेत तयार केलेले पहिले झोपेचे औषध होय. अफू, भांग, मद्य ही सगळी त्याआधीची; परंतु ती वनस्पतींतून किंवा आंबवण्यातून आलेली. क्लोरल हायड्रेट निसर्गाने दिलेले नव्हते. ते एका रसायनशास्त्रज्ञाच्या हातून झाले, सदतीस वर्षे कोणाच्याही उपयोगी न पडता राहिले आणि मग एका चुकीच्या तर्कामुळे औषध बनले. चर्चासत्रासाठी, वर्गात शिकवण्यासाठी किंवा केवळ जिज्ञासेपोटी ज्यांना या पदार्थाचा अभ्यास करायचा आहे, त्यांनी तो कोणत्या क्रमाने आणि कोणत्या सावधगिरीने करावा, हे येथे सांगितले आहे. या अभ्यासाला वही, पेन्सिल, अणुभारांचा तक्ता आणि शक्य असल्यास रेणूंची प्रतिकृती जोडण्याचे गोळे-काड्या लागतात. खुद्द पदार्थाची गरज नाही. तो घरी बनवणे, मागवणे किंवा चाखून पाहणे हे या अभ्यासाचा भाग नाही आणि जिवावर बेतू शकणारे आहे.

वहीची मांडणी

वहीच्या प्रत्येक पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करावेत. डाव्या रकान्यात त्या काळात प्रत्यक्ष काय दिसले किंवा मोजले गेले ते लिहावे, आणि उजव्या रकान्यात त्या काळच्या माणसाने त्याचे कारण काय सांगितले ते लिहावे. ही मांडणी साधी वाटेल, पण क्लोरल हायड्रेटच्या बाबतीत तिच्यावाचून पुढे जाऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाठ्यपुस्तकांत आणि जुन्या लेखांत या औषधाविषयी जे गोंधळ सापडतात, त्यांतील बहुतेक गोंधळ हे दोन रकाने एकत्र मिसळल्यामुळे झालेले आहेत.

आधी रेणू, मग इतिहास

इतिहासाकडे वळण्यापूर्वी रेणू हाताने काढून पाहावा. इथेनॉल, म्हणजे आपले नेहमीचे अल्कोहोल, काढावे: दोन कार्बन, त्यांपैकी एकावर तीन हायड्रोजन, दुसऱ्यावर दोन हायड्रोजन आणि एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी). दुसऱ्या कार्बनवरील एक आणि हायड्रॉक्सिल गटातील एक असे दोन हायड्रोजन काढून घेतले की तेथे ऑक्सिजनशी दुहेरी बंध तयार होतो आणि असिटाल्डिहाइड मिळते. आता पहिल्या कार्बनवरील तिन्ही हायड्रोजन खोडून त्यांच्या जागी तीन क्लोरीन लिहावेत. हे क्लोरल, म्हणजेच ट्रायक्लोरोअसिटाल्डिहाइड. ते रंगहीन, तेलकट द्रव असून सुमारे ९८ अंश सेल्सियसला उकळते. त्यात पाणी मिसळले की मिश्रण गरम होते आणि थंड झाल्यावर त्याचे पांढरे स्फटिक बनतात. हे क्लोरल हायड्रेट. ते सुमारे ५७ अंशांना वितळते.

येथे पहिली सूचना अशी की ‘हायड्रेट’ या शब्दाने फसू नये. मोरचुदात पाण्याचे रेणू स्फटिकाच्या रचनेत सामावलेले असतात आणि तापवले की निघून जातात. क्लोरल हायड्रेटमध्ये तसे नाही. येथे पाण्याचा रेणू फुटून क्लोरलच्या दुहेरी बंधात शिरतो आणि त्याच कार्बनवर दोन हायड्रॉक्सिल गट तयार होतात. म्हणूनच त्याचे पद्धतशीर नाव २,२,२-ट्रायक्लोरोइथेन-१,१-डायॉल असे आहे, आणि म्हणूनच अवरक्त वर्णपटात अल्डिहाइडच्या कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची ठळक खूण या स्फटिकांत सापडत नाही.

एकाच कार्बनवर दोन हायड्रॉक्सिल गट टिकत नाहीत, ते पाणी सोडून पुन्हा अल्डिहाइड किंवा कीटोन बनतात, हा नियम आपण बारावीतच शिकलेलो असतो. मग हा अपवाद का? उत्तर त्या तीन क्लोरीनमध्ये आहे. क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. अल्डिहाइडच्या कार्बनवर ऑक्सिजनच्या ओढीमुळे आधीच इलेक्ट्रॉनांची टंचाई असते. शेजारच्या कार्बनवर तीन क्लोरीन बसले की ही टंचाई असह्य होते. पाणी येऊन जोडले गेले की दुहेरी बंध सुटतो, कार्बनला चार साधे बंध मिळतात आणि हा ताण हलका होतो. यात किती फरक पडतो, तो आकड्यांत पाहावा. पाण्यात विरघळलेल्या असिटोनच्या हजार रेणूंपैकी जेमतेम एखाद-दुसरा रेणू पाण्याशी जोडलेल्या रूपात असतो. असिटाल्डिहाइडमध्ये ही वाटणी साधारण निम्मी-निम्मी असते. क्लोरलच्या बाबतीत समतोलाचा स्थिरांक २८,००० च्या घरात जातो, म्हणजे पाण्यात सुमारे अठ्ठावीस हजार रेणूंमागे एकच रेणू मोकळा अल्डिहाइड म्हणून सापडतो. ही तीन उदाहरणे एकाखाली एक लिहून शेजारी रेणूंच्या आकृत्या काढल्या, की वेगळे पाठांतर करावे लागत नाही. ज्यांच्याकडे गोळे-काड्या आहेत, त्यांनी क्लोरलची प्रतिकृती जोडून तिचा दुहेरी बंध स्वतःच्या हाताने सोडवावा आणि तेथे दोन हायड्रॉक्सिल बसवावेत; सपाट असलेला तो कार्बन चौफलकी होताना बोटांना जाणवतो.

आणखी एक हिशोब लगेच करून ठेवावा, कारण तो पुढे दोनदा लागणार आहे. क्लोरलचा रेणुभार १४७.४, क्लोरल हायड्रेटचा १६५.४ आणि क्लोरोफॉर्मचा ११९.४. क्लोरल हायड्रेटच्या वजनात क्लोरीनचा वाटा सुमारे ६४ टक्के आहे.

गीसेन आणि पॅरिस

युस्टुस फॉन लीबिग हा जर्मनीतील गीसेन या लहान गावात शिकवत असे. अल्कोहोलमध्ये कोरडा क्लोरीन वायू दीर्घकाळ सोडला तर काय होते, याचा अभ्यास करताना त्याला क्लोरल मिळाले आणि १८३२ साली त्याने ते प्रसिद्ध केले. नावातच त्याची उत्पत्ती आहे: ‘क्लोर’ हे क्लोरीनमधले आणि ‘अल’ हे अल्कोहोलमधले. क्लोरलवर अल्कलीची क्रिया केली असता आणखी एक जड, गोडसर वासाचा द्रव मिळतो, हेही त्याला दिसले. तो द्रव म्हणजे क्लोरोफॉर्म. झोप किंवा भूल हा विषय या सगळ्यात कोठेही नव्हता. क्लोरीन सेंद्रिय पदार्थांशी कसा वागतो, एवढाच लीबिगचा प्रश्न होता.

येथे वहीतील डावा रकाना नीट भरावा. क्लोरोफॉर्मचे घटक शोधताना त्यातील हायड्रोजन लीबिगच्या हातून निसटला आणि तो केवळ कार्बन व क्लोरीनचा पदार्थ आहे, असे त्याने मानले. १८३४ साली पॅरिसमध्ये झाँ-बातिस्त द्यूमा याने ही चूक दुरुस्त करून योग्य सूत्र दिले आणि क्लोरोफॉर्म हे नावही त्याचेच. ज्या माणसाने कार्बन मोजण्याचे पाच फुग्यांचे प्रसिद्ध काचेचे उपकरण बनवले, त्याच्याकडून अशी चूक कशी झाली, असा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. त्यांना उत्तर सांगण्याऐवजी गणित द्यावे. क्लोरोफॉर्मच्या एका रेणूत हायड्रोजनचा एकच अणू असतो, ११९.४ मध्ये १, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. अर्धा ग्रॅम क्लोरोफॉर्म जाळला तर त्यातून सगळे मिळून सुमारे ३८ मिलिग्रॅम पाणी तयार होते. हे पाणी कॅल्शियम क्लोराइड भरलेल्या नळीचे वजन किती वाढले यावरून मोजायचे, आणि उपकरणात किंवा नमुन्यात आधीच शिरलेला ओलावा त्यात मिसळू शकतो. हा हिशोब स्वतः केल्यावर लीबिगला नावे ठेवण्याची इच्छा राहत नाही, आणि द्यूमाचे हात किती काटेकोर होते तेही कळते.

द्यूमाच्या कामाचा याहून मोठा परिणाम वेगळाच आहे. अल्कोहोलमधील हायड्रोजनची जागा क्लोरीन घेतो आणि तरीही पदार्थाची मूळ ठेवण शाबूत राहते, हे त्याने याच पदार्थांवरून मांडले. विद्युतभाराच्या आकर्षणावरच सगळी संयुगे उभी आहेत असे मानणाऱ्या त्या काळच्या रसायनशास्त्राला, धनभारी हायड्रोजनच्या जागी ऋणभारी क्लोरीन येऊन बसतो हे पचणे जड गेले. आज आपण वर्गात ‘प्रतिस्थापन अभिक्रिया’ हे शब्द सहज उच्चारतो, तेव्हा त्यामागे क्लोरलचा हा वाटा आहे, हे शिक्षकांनी अवश्य सांगावे.

बर्लिन, १८६९: बरोबर परिणाम, चुकीचे कारण

आता या अभ्यासाचा गाभा. यावर सगळ्यात जास्त वेळ द्यावा.

१८४७ साली एडिंबरोमध्ये जेम्स यंग सिम्प्सन याने क्लोरोफॉर्मची भूल वापरात आणली होती. लीबिगला दिसलेली ती अभिक्रिया आता सर्वांना ठाऊक होती: क्लोरलवर अल्कली घातली की त्याचा रेणू दोन कार्बनांच्या मधोमध तुटतो, एका बाजूला क्लोरोफॉर्म आणि दुसऱ्या बाजूला फॉर्मिक आम्लाचा क्षार मिळतो. रक्त किंचित अल्कधर्मी असते, हेही माहीत होते. ऑस्कर लीब्राइख या तीस वर्षांच्या बर्लिनमधील संशोधकाने या तिन्ही गोष्टी एकत्र जोडल्या. क्लोरल हायड्रेट पोटात दिले तर रक्तातील अल्कली त्याचे हळूहळू क्लोरोफॉर्ममध्ये रूपांतर करील, आणि नाकाशी रुमाल न धरता आतल्या आत मंद भूल मिळत राहील, असा त्याचा तर्क होता. त्याने प्राण्यांवर आणि नंतर रुग्णांवर ते वापरून पाहिले. झोप लागली. १८६९ साली त्याने हे प्रसिद्ध केले आणि पाहता पाहता युरोपभर या औषधाची मागणी सुरू झाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन याने त्यावर प्रयोग केले.

डाव्या रकान्यात लिहावे: ‘क्लोरल हायड्रेट दिल्यावर झोप लागते.’ उजव्या रकान्यात लिहावे: ‘कारण रक्तात क्लोरोफॉर्म तयार होतो.’ आता उजव्या रकान्यातील विधान खरे असेल तर आणखी काय काय दिसायला हवे, याची यादी करावी. औषधाचा इतिहास शिकण्याची खरी कसोटी येथे लागते.

पहिली अपेक्षा अशी की श्वासाला क्लोरोफॉर्मचा वास यायला हवा, कारण क्लोरोफॉर्म फुप्फुसांतून बाहेर पडतो. दुसरी अपेक्षा मात्रेची. सर्वच्या सर्व क्लोरल हायड्रेटचे रूपांतर झाले असे धरले, तरी समजा १.३ ग्रॅम दिले तर त्यातून ०.९४ ग्रॅम क्लोरोफॉर्म मिळतो, आणि तोही कित्येक तासांत थोडा थोडा. भूल देण्यासाठी जेवढा क्लोरोफॉर्म हुंगवला जात असे, त्यापुढे हे प्रमाण फारच तोकडे आहे. तिसरी गोष्ट अल्कलीच्या तीव्रतेची. रक्ताचा सामू सुमारे ७.४ असतो, परीक्षानळीत क्लोरल झटपट तोडणाऱ्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाशी त्याची तुलनाच होत नाही. ‘अल्कधर्मी’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला की दोन्ही सारखेच वाटू लागतात, आणि लीब्राइखच्या तर्कातील कच्चा दुवा नेमका तेथेच आहे.

चौथी अपेक्षा लघवीत तपासता येते, आणि खरा धागा तेथेच सापडला. १८७५ साली मुस्कुलुस आणि योझेफ फॉन मेरिंग यांना क्लोरल घेतलेल्यांच्या लघवीत एक नवे आम्ल सापडले. त्याला यूरोक्लोरॅलिक आम्ल असे नाव मिळाले. पुढे कळले की ते ट्रायक्लोरोइथेनॉल आणि ग्लुकुरॉनिक आम्ल यांचे जोडसंयुग आहे. म्हणजे शरीराने क्लोरलचा रेणू मधोमध तोडला नव्हता. दोन्ही कार्बन आणि तिन्ही क्लोरीन जागच्या जागी होते. यकृताने फक्त अल्डिहाइडच्या टोकाचे क्षपण करून त्याचे अल्कोहोल बनवले होते. पुरावा हाती असूनही क्लोरोफॉर्मची कल्पना लगेच मावळली नाही. ट्रायक्लोरोइथेनॉल हेच झोप आणणारे खरे द्रव्य आहे, हे १९४८ साली थॉमस बटलर याच्या संशोधनाने प्रस्थापित केले. मधल्या सत्तराहून अधिक वर्षांत डॉक्टरांनी हे औषध दिले, रुग्ण झोपले, आणि बऱ्याच जणांच्या मनात कारण मात्र चुकीचेच राहिले. मला हा भाग विलक्षण महत्त्वाचा वाटतो. दोन रकान्यांची रेघ ज्याने आखली आहे, त्याला येथे काहीही खोडावे लागत नाही: डावीकडचे वाक्य १८६९ पासून आजपर्यंत तसेच आहे, उजवीकडे तेवढी नवी ओळ येते.

त्या नव्या ओळीत पुढील गोष्टी लिहाव्यात. क्लोरल हायड्रेटचे क्षपण प्रामुख्याने अल्कोहोल डिहायड्रोजिनेज या विकराने होते, आणि ते इतक्या वेगाने होते की मूळ पदार्थ रक्तात काही मिनिटेच टिकतो. ट्रायक्लोरोइथेनॉलचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ, साधारण आठ ते बारा तासांचा आहे. काही भागाचे ऑक्सिडीकरण होऊन ट्रायक्लोरोअसेटिक आम्ल बनते; त्याने झोप येत नाही, पण ते कित्येक दिवस शरीरात रेंगाळते. ट्रायक्लोरोइथेनॉल मेंदूतील ‘गाबा’ या शमन करणाऱ्या संदेशवाहकाचा प्रभाव वाढवते.

विकराचे नाव वाचताच सूज्ञ वाचकाच्या मनात शंका यावी: हेच विकर तर दारू पचवते. मग दोन्ही एकत्र घेतले तर? दारूच्या ऑक्सिडीकरणातून क्षपण करणारे सहविकर मुबलक तयार होते, त्यामुळे क्लोरलचे ट्रायक्लोरोइथेनॉल अधिक वेगाने बनते. उलट ट्रायक्लोरोइथेनॉल दारूच्या पचनाला अडथळा करते. दोघे एकमेकांचा परिणाम वाढवतात आणि श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. पेयातून गुंगीचे औषध देऊन लुबाडण्याच्या जुन्या अमेरिकी कथांत क्लोरल हायड्रेटचेच नाव का येते, हे या एका चयापचयाच्या आकृतीवरून समजते.

जुन्या नोंदींतील मात्रा वाचताना

एकोणिसाव्या शतकातील वैद्यकीय नोंदी वाचणाऱ्यांची सर्वाधिक चूक एककांत होते. इंग्रजी नोंदींत वजन ग्रेनमध्ये असते आणि एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. साठ ग्रेनचा एक ड्रॅम, म्हणजे सुमारे ३.९ ग्रॅम. जर्मन आणि फ्रेंच नोंदी मात्र ग्रॅममध्ये असतात. ग्रेनचे संक्षिप्त रूप ग्रॅमच्या संक्षिप्त रूपासारखेच दिसते, आणि एकाच्या जागी दुसरे वाचले तर मात्रा पंधरापटीने चुकते. म्हणून प्रत्येक आकड्याखाली मूळ एकक पूर्ण अक्षरांत लिहावे आणि रूपांतर कंसात वेगळे करावे. दुसरी काळजी नावाची: जुन्या नोंदींत नुसते ‘क्लोरल’ लिहिलेले असले तरी औषध म्हणून दिलेला पदार्थ क्लोरल हायड्रेटच असतो. तिसरी काळजी रूपाची, कारण हे औषध बहुधा पाकात किंवा पाण्यात विरघळवून दिले जाई आणि चमच्याने मोजले जाई. द्रावण किती तीव्र आहे हे कळल्याशिवाय चमच्यांच्या संख्येला काही अर्थ नसतो.

चमच्याचा हा मुद्दा किरकोळ नाही. धूलिकणांवरून विखुरणाऱ्या प्रकाशाचा टिंडॉल परिणाम आपण शाळेत शिकतो. त्या जॉन टिंडॉल यांना अनेक वर्षे निद्रानाश होता आणि रात्री ते क्लोरल घेत. पोटाच्या तक्रारीसाठी ते मॅग्नेशियाही घेत. १८९३ च्या डिसेंबरात इंग्लंडमधील हाइंडहेड येथील घरी त्यांच्या पत्नी लुइसा यांनी सकाळी मॅग्नेशिया समजून दुसऱ्या बाटलीतील औषध चमच्यात ओतून दिले. चव वेगळी लागताच चूक दोघांच्याही ध्यानात आली. उलटी करवण्याचा आणि पोट धुण्याचा प्रयत्न झाला, परंतु टिंडॉल त्याच दिवशी गेले. ते त्र्याहत्तर वर्षांचे होते. लुइसा पुढे दीर्घकाळ जगल्या आणि पतीचे चरित्र लिहिण्यासाठी साहित्य जमवत राहिल्या. मी ही घटना वर्गात सांगतो ती कुतूहल म्हणून नव्हे. झोप आणणारी मात्रा आणि प्राण घेणारी मात्रा यांतील अंतर या औषधात फार कमी आहे. शिवाय हृदयाची लय बिघडवण्याचा त्याचा गुणधर्म असल्याने एका चमच्याची चूकही पुरेशी ठरते. आकृतीवरून हे कळत नाही. त्या सकाळच्या दोन बाटल्यांवरून कळते.

टिंडॉल यांचा मृत्यू अपघाताने झाला. इतर अनेकांना सवयीने गाठले. चित्रकार व कवी दान्ते गॅब्रिएल रोझेटी हे १८७० च्या सुमारास झोपेसाठी क्लोरल घेऊ लागले, त्याची चव घालवण्यासाठी वर व्हिस्की घेत गेले आणि १८८२ साली वारले, तोपर्यंत ते त्यातून सुटू शकले नाहीत. क्लोरलच्या व्यसनाविरुद्ध लवकर इशारा देणाऱ्यांत रिचर्डसनही होता. ज्याने इंग्लंडमध्ये या औषधाचे प्रयोग केले, त्यानेच त्याचा धोकाही सांगितला. मनोरुग्णालयांत मात्र ते पट्ट्या आणि कोठड्यांऐवजी सोयीचे म्हणून सर्रास दिले जाई. त्यानंतर १८८२ मध्ये पॅराल्डिहाइड आणि १९०३ मध्ये बार्बिटाल ही झोपेची नवी औषधे वापरात आली, आणि क्लोरलचे महत्त्व घटत गेले. बार्बिटालच्या शोधात एमिल फिशरसोबत फॉन मेरिंग होता, म्हणजे लघवीतील यूरोक्लोरॅलिक आम्ल शोधणाऱ्या दोघांपैकीच एक. वहीत या दोन नोंदींना बाणाने जोडावे.

आपल्या आसपास

क्लोरल हायड्रेट इतिहासजमा झाले आहे असे समजून वही मिटू नये. महाराष्ट्रात, आंध्र प्रदेशात आणि तेलंगणात ताडीची भेसळ करण्यासाठी ते वापरले जाते. झाडावरून उतरवलेली ताडी थोडी असते आणि लवकर आंबते, म्हणून पाणी, साखर व सॅकरिन यांत क्लोरल हायड्रेट घालून नशा आणणारे पांढरे पेय ‘ताडी’ म्हणून विकले जाते, आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचे छापे अशा अड्ड्यांवर पडतात. वर दिलेली दारू आणि क्लोरल यांच्या परस्परक्रियेची आकृती येथे पुन्हा उघडून पाहावी. हे पेय रोज घेणाऱ्याला ते एकाएकी मिळेनासे झाले तर त्याला झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. अशा माणसाला घरी कोंडून न ठेवता रुग्णालयात न्यावे.

भेसळ ओळखण्यासाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळांत फुजिवारा चाचणी शिकवतात. नमुना, पिरिडीन हा सेंद्रिय द्रव आणि तीव्र अल्कली एकत्र तापवले असता पिरिडीनच्या थरात लाल-गुलाबी रंग उमटतो. विद्यार्थ्यांनी येथेही दोन रकाने वापरावेत. डावीकडे: ‘लाल रंग आला.’ उजवीकडे ‘क्लोरल हायड्रेट आहे’ असे लगेच लिहू नये, कारण क्लोरोफॉर्म आणि ट्रायक्लोरोअसेटिक आम्लही तसाच रंग देतात. एका कार्बनवर अनेक क्लोरीन असलेला पदार्थ नमुन्यात आहे, एवढेच ही चाचणी सांगते. तो पदार्थ नेमका कोणता, हे ठरवण्यासाठी वायू-क्रोमॅटोग्राफीसारखी, मिश्रणातील घटक वेगळे करून ओळखणारी पद्धत लागते.

शेवटचे उदाहरण अनेक पालकांच्या हातात आलेले असते. लहान मुलाच्या मेंदूचा आलेख, हृदयाची सोनोग्राफी किंवा ऐकण्याची तपासणी करायची असते आणि मूल स्थिर राहत नाही, तेव्हा आपल्याकडे डॉक्टर बऱ्याचदा ट्रायक्लोफॉसचे सिरप देतात. त्याचा रेणू काढून पाहावा: ट्रायक्लोरोइथेनॉलच्या हायड्रॉक्सिल गटावर फॉस्फेट जोडलेले आहे, बाकी काही नाही. क्लोरल हायड्रेट चवीला कडवट व जळजळीत असते आणि पोटाला त्रास देते. फॉस्फेटची जोड दिल्याने हे दोन्ही दोष कमी होतात. शरीरात फॉस्फेट सुटते आणि उरते ते तेच ट्रायक्लोरोइथेनॉल. म्हणून मूल झोपले नाही म्हणून आणखी एक चमचा आपल्या मनाने देऊ नये, डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेली मात्रा मापाच्या पेल्यानेच मोजावी, औषध रुग्णालयात पोहोचल्यावर परिचारिकेसमोर द्यावे, आणि तपासणीनंतर मूल नीट जागे होऊन पाणी पिईपर्यंत घरी नेण्याची घाई करू नये. वहीत ट्रायक्लोफॉससाठी नवे पान उघडण्याचे कारण नाही. फॉन मेरिंगच्या नोंदीखाली, जेथे ट्रायक्लोरोइथेनॉल लिहिले आहे, तेथेच ते नाव लिहावे.